बघू

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
माझं काम माणसांना गुण देण्याचं.
फॉर्म हेड ऑफिसकडून येतो :
पुढाकार, पाचपैकी. संवाद, पाचपैकी.
शेजारच्या खोलीत दस्तगीर नदाफ
टॉवेलचं वजन काढतात.
गोल कटर दाबून फिरवला
की बशीएवढी चकती सुटते,
ती काट्यावर, आकडा वहीत.
नवी होते तेव्हा विचारलं होतं,
एवढ्याशा तुकड्यावरून सगळा लॉट कळतो?
"लॉट कळतंय की मॅडम.
पण ते टॉवेल गेलं की कामातनं."

मार्चमधली बैठक.
जर्मनीला जायचे दोनशे गठ्ठे,
त्यात कुठेतरी तेलाचे डाग,
कुठे ते कुणालाच माहीत नाही.
घडी खात्याच्या राजमणी शेरला भिंतीपाशी उभ्या.
खुर्ची रिकामी होती, तरी उभ्या.
शुक्रवारपर्यंत होईल का, साहेबांनी विचारलं.
फरशीकडे बघत त्या म्हणाल्या, "चूद्दाम."
मग माझ्यासाठी मराठीत : "बघू."

हा शब्द मला पाठ आहे.
नाशिकला वडील सायकलीबद्दल "बघू" म्हणाले
आणि मी कॉलेजला चालत गेले.
मावशी एका स्थळाला "बघू" म्हणाली,
ती माणसं चहा संपवून उठली,
पुन्हा त्यांचा फोन नाही.
आमच्याकडे 'नाही'ला
इस्त्रीचे कपडे घालून
फाटकापर्यंत सोडायला जातात.

मी लिहिलं : पुढाकार दोन, संवाद दोन.
शेरा : टाळाटाळ.

बुधवारी रात्री विसरलेला चार्जर घ्यायला परत आले,
तर घडी खात्यात दिवे.
राजमणी आणि आणखी तिघी,
गठ्ठ्यांच्या पट्ट्या कापलेल्या,
एकेक टॉवेल ट्यूबखाली ताणून धरत
बघत होत्या.
त्या शब्दाचा एवढाच अर्थ होता.
एकशे सदतीसाव्या गठ्ठ्यात डाग सापडले,
सगळे अकरा नंबरच्या मागाचे.

मी दोनचे चार केले
आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.
मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत
एका पाहुण्याने पडद्यावर हिमनग दाखवला,
संस्कृती पाण्याखाली किती असते ते सांगायला.
मी हात वर करून राजमणींची गोष्ट सांगितली.
टाळ्या मिळाल्या.

जुलैत त्या माझ्या टेबलापाशी आल्या.
नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ,
भिवंडीहून लेकीच्या सासरचे येणार,
एक दिवसाची सुट्टी हवी होती.
स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणाले,
"बघते हं."
"बरं," म्हणाल्या. गेल्या.

पौर्णिमेला त्या कामावर.
जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर,
कुणीतरी पाठवलेला रथाचा व्हिडिओ
आवाज बंद करून लावलेला.
सुट्टी का नाही घेतलीत?
त्यांना प्रश्नच कळेना.
"तुमी बघते म्हनले की मॅडम.
बघत असतील म्हणून मी थांबले."
आवाजात तक्रार नव्हती.
तक्रार असती तर तिच्यासाठी एक रकाना होता.

तेव्हापासून कापलेला एक टॉवेल टेबलावर ठेवलाय.
कीबोर्ड पुसते त्याने.
मधल्या भोकातून बोटं आरपार जातात,
धूळ तिथली तिथेच.

यंदाच्या फॉर्मवर नवी ओळ आहे :
सांस्कृतिक जाण, पाचपैकी,
आणि ती ज्याची त्याने भरायची.
चार लिहिले. खोडले.
कागद तिथे जरा पातळ झालाय.

दारात मल्लेशप्पा हत्तरकी :
"बॉयलरपाशी पंखा बंद आहे री, चार दिवस झालं."
शब्द जिभेवर येतो, सवयीने.
मी खुर्ची मागे सरकवते,
टेबलाखाली पायाने चपला चाचपते.