सतरावी फासळी

तीन रात्री वादळ वाळू उपसत राहिलं.
चौथ्या सकाळी एस्किलचा कुत्रा
हाका मारूनही परतेना, तेव्हा ते दिसलं,
काळंभोर, ओलं,
अजून डांबराचा वास धरून.

दुपारपर्यंत गाव जमलं.
कुणी थर्मास आणला, कुणी पोरं खांद्यावर.
संग्रहालयाची बाई गुडघ्यांवर बसून
फासळ्यांवर खडूनं आकडे टाकत होती.
डच असेल, नॉर्वेचं असेल, नाव नाही.
खिळे लाकडाचेच. दोनशे वर्षं तरी.
सोळानंतर एकदम अठरा.
मधे सरळ कापलेली खाच.
"ही करवत आहे," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही.

आमच्या गोठ्याची तुळई वाकडी आहे.
लहानपणी विचारलं होतं, झाड असं कसं वाढलं?
आजोबा म्हणाले, वाऱ्यानं.
जटलंडच्या या वाळूत एवढं झाड कुठलं,
हे तेव्हा सुचलं नाही.
तुळईत गोल भोकं आहेत,
एकात चिमणी दरवर्षी पिसं भरते.

चर्चच्या वहीत त्या हिवाळ्याची एकच ओळ:
अनोळखी नऊ. पुरले.
ते आधी गेले की करवत आधी आली,
ते वहीत नाही.

संध्याकाळी धार काढताना
गाय उगाच मान वळवून बघत होती.
मी मोजपट्टी घेऊन शिडीवर चढले
आणि न मोजताच उतरले.

आज वारा पडलाय. वाळू परत येतेय,
थोडी त्या खाचेत,
थोडी आमच्या उंबऱ्याशी.