तिसऱ्या अंकातला तू

तांबट लेनमध्ये घंगाळावर मठारकाम चाललेलं,
भद्रकालीकडून रिक्षांचे हॉर्न,
आणि मी दुकानाच्या पायरीवर
चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अडकलेली.
दाऊ, दी, दाइन.
खाली टीपा. टीपांनाही शब्दकोश लागतो.
'प्रेझेंटली' म्हणजे यथावकाश नाही, लगेच.
'फॉन्ड' म्हणजे प्रेमळ नाही, खुळा.
राजा मरणाला टेकलाय
आणि मी अजून त्याच पानावर.

"दाऊ म्हणजे कोण गं?"
बाबांनी हातोडी न थांबवता विचारलं.
"तू."
"मी?"
"नाही रे बाबा, तू म्हणजे तू. एकेरी."
"म्हणजे इंग्रजांतही तू होता?"
"होता. वारला."

हसला.
मग मी सांगितलं, पहिल्या अंकात
बहीण भावाला दाऊ म्हणते,
तिसऱ्यात अचानक यू.
तलवार अजून म्यानात,
विष कुपीत,
आणि टीप तर काहीच बोलत नाही.

हातोडी थांबली.
"मग संपलं की त्यांचं.
पुढं वाचायचं काय राहिलंय?"

"तुला कसं कळलं?"

"सिन्नरची आत्या तुझी.
एकदा म्हणाली,
आपण बसा, मी चहा टाकते."

एवढंच. परत ठोके सुरू,
घंगाळाच्या एकाच जागी,
जरा जास्तच.

प्रश्न पाच गुणांचा आहे:
शोकांतिका नेमकी कुठे सुरू होते, सकारण लिहा.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं,
आपण.