वळसा

आमच्या उज्द्यापासून मग्निया पंचवीस किलोमीटर.
लहानपणी आम्ही हे अंतर कलिंगडात मोजायचो,
बसमध्ये चढताना फोडायचं, उतरताना सालं उरायची.
वाटेतल्या नाक्याचं नावच जूज बघाल, म्हणजे दोन खेचरं.
तीसेक वर्षं झाली, दोन्ही खेचरं अडून बसली आहेत.
आधी लाथ कुणी मारली
हे कुठल्या बाजूच्या चहाच्या दुकानात विचारता
त्यावर आहे.

रस्ता मिटला तरी आकाश होतं.
मग एका सप्टेंबरात बातम्यांतला टाय लावलेला माणूस म्हणाला,
आता तेही नाही.
मी मशीनवर होते, पाय थांबला नाही.
सहज वर पाहिलं, तर छताला ओल आलेली.

मेहुणा गेला त्या रात्री झुलीखाचा फोन आला.
रडली नाही. म्हणाली, "तू निघूच नकोस, पोचणार नाहीस."
हट्ट आमच्या घराण्यातच आहे, निघाले.
व्हिसाला पाच आठवडे लागले,
म्हणजे दफनाला नाही, चाळिसाव्याला.

बहीण पूर्वेला. विमान पश्चिमेला उडालं.
कासाब्लांकात सहा तास एका खांबाला टेकून बसले,
मांडीवर आमच्याच झाडाच्या ऑलिव्हचा डबा.
तो तपासनिसाने हुंगला, हसला, जाऊ दिला.

दुसऱ्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा.
आमची रेघ सरळ निघाली, मग अचानक उत्तरेला वळली,
समुद्रावरून, स्पेनच्या काठाकाठाने,
आणि खाली आली ट्युनिसला.
चाळीस वर्षं कापड बेतलंय मी, हा आकार मला पाठ आहे.
मुंढा.
बाही जिथे जोडायची तिथला कापून टाकलेला भाग.
शेजारचा पोरगा, तेलगिरण्यांचा इंजिनियर, समजावत होता,
इंधन जास्त लागतं, तिकीट म्हणून महाग,
"बाकी काय खाला, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे."
बरोबरच होतं त्याचं.
त्याचं घर ट्युनिसला होतं.

ट्युनिसहून ओरानचं विमान मात्र सरळ गेलं,
त्याच आकाशातून, माझ्यासकट.
म्हणजे आकाशाला माणसं दिसत नाहीत,
शेपटीचा रंग तेवढा दिसतो.

मग टॅक्सी. चालक लखदर, गाडीत कांद्याचा वास.
मग्नियाच्या अलीकडे एका चढावर
माझा फोन थरथरला.
उज्द्याच्या टॉवरची रेंज आली होती.
घरी परतल्याबद्दल कंपनीने माझं स्वागत केलं.

झुलीखा दारात, विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत.
गळ्यात पडायच्या आधी म्हणाली,
"कुसकुस गार झालंय."
मग गळ्यात पडली, पण हात पुरते उचलेनात.
मला वाटलं दुःख. मग म्हटलं वय.
"अगं, बाजारातला शिवलेला आहे," ती म्हणाली,
"काखेत काचतो. चाळीस दिवस झाले."

लोक गेल्यावर तिला दिव्याखाली बसवलं.
कात्री विमानतळावर काढून घेतली होती,
तिच्या स्वयंपाकघरातला सुरा घेतला.
टाका टाका उसवत गेले, तिच्या अंगावरच.
ती म्हणाली, "टोचशील."
मी म्हटलं, "हलू नकोस."
बाहेर कुत्री भुंकत होती, आणि पलीकडून,
आमच्या बाजूची,
उत्तर देत होती.