कार्डाची मागची बाजू

आई गेल्यावर फडताळात सापडला
बुटांच्या खोक्यात कार्डांचा गठ्ठा.
मागच्या बाजूला तिचं अक्षर, जांभळी शाई:
बीट दोन, ताक लिटरभर, काकडी,
शेपू मूठभर, अंडी असतील तर.
पुढच्या बाजूला भोकं.
ऐंशी रकाने, एक कोपरा छाटलेला.

काउनासच्या लोकर गिरणीत
आई कार्डं पंच करायची.
किती सूत, किती पाळ्या, कुणाची किती रजा कापली,
सगळं तिच्या बोटांतून जायचं.
यंत्र खोलीभर. त्याला गार हवा लागे,
आणि बायकांना खिडकी उघडायचीही बंदी.
ते बोलायचं रुंद कागदावर, खडखडत;
त्याच कागदात आम्ही हेरिंग गुंडाळून आणायचो
आणि माशाच्या पोटावर उलटे उमटायचे
मार्च महिन्याचे पगार.

लक्षात ठेवायचं ते फितीवर जाई.
गिरणी बंद पडली तेव्हा फीत घरोघर आली.
अजून आमच्या बागेत टोमॅटो तिनेच बांधलेत,
वाऱ्यावर तपकिरी चमकते,
चिमण्या बिचकतात.
तिच्यावर काय होतं, आता कोण सांगणार?

एका कार्डाची मात्र पाठ कोरी होती.
ते मी काझिमेरासकडे नेलं.
यंत्राच्या पोटात हात घालायची परवानगी
असलेला तो एकटा माणूस.
आता ब्याऐंशीचा, बँकेचा पासवर्ड
दर महिन्याला विसरतो.

त्यानं कार्ड खिडकीच्या काचेला लावलं.
बर्फाचा उजेड भोकाभोकांतून
त्याच्या गालावर सांडला.
ओठ हलवत, जपमाळ ओढावी तसा
एकेक रकाना पुढे सरकला,
अडखळला, मागे आला,
मग खोकला की हसला, कळलं नाही.

"कोपऱ्यावर संत्री आलीत.
कुणी विचारलं तर मी तळघरात."

"ऐंशी अक्षरांत मावेल तेवढंच लिहायची गेनोवैते.
वाचून झालं की मी परत तिच्या टेबलावर ठेवायचो.
पुरावा नको."
"आणि संत्री?"
"दोन तास रांगेत उभी होती. तीन मिळाली.
एक तुला."

मला आठवत नाही.
मी तेव्हा चार वर्षांची असेन.
दुसरी कुणाला, हे मी विचारलं नाही.

निघताना कार्ड परत द्यायला
त्यानं जरा वेळ लावला.
मीही हात पुढे केला नाही.