बाराचा भोंगा

काय सांगू अंबक्का, म्हणायचं म्हणून गाव.
साखर पेठेतल्या आपल्या बोळात जेवढी माणसं
तेवढी त्यांच्या अख्ख्या गावात,
ती पण कुत्रं फिरवायला बाहेर पडली तरच दिसणार.

पुढं सरक की, तिची मोजणी झाली.

गोवर्धन पवनचक्कीच्या कारखान्यात, सहाला जायचा.
सून सातला.
मग घरात मी आणि फ्रिज.
मधेच गुरगुरायचा तो, मी म्हणायची, बोल बाबा.

दाराला कुलूप नाही. चोरी होत नाही म्हणे.
तरी मी आतून खुर्ची लावायची,
चोरासाठी नाही गं,
कुणी आलंच तर वाजावी म्हणून.

समोर डोरिस, माझ्याच वयाची.
तिनं हात वर केला की मी करायचा.
सहा महिने आमचं बोलणं एवढंच.
एकदा तिनं भोपळ्याचं गोड काहीतरी दिलं,
मी शेंगाचटणी दिली.
दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हात वर केले.

पानं गळायला लागली तसा रस्ता लालभडक.
तेंदूची नव्हती, पण बोटांना काय कळतंय?
उचललं एक, शीर काढली, कापलं, वळलं,
आत तंबाखू नाही, काही नाही,
तोंड मुडपून दोरा बांधला.
पंचवीसचा कट्टा झाला तेव्हा सून आली.
तिनं फोटो काढला.

शांत? शांत म्हणजे
रात्री कूस बदलली की स्वतःच्याच बांगडीला दचकायचं.

आणि भोंगा!
ते राहिलंच की सांगायचं.
गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी,
आपल्या मिलचा होता तसाच, पोटातून वर चढणारा.
मी उठले, भात काढला, आमटी काढली,
आणि डबा शोधायला लागले, या फळीवर, त्या फळीवर,
गेट बंद व्हायच्या आत पोचायचं होतं ना.
पितळी डबा. कडी सैल झालेला.
तो इथं माळ्यावर.
आणि हे जाऊन अकरा वर्षं,
मिल तर त्यांच्याही आधी गेली.

गोवर्धन म्हणाला, आग विझवणाऱ्यांचा भोंगा तो,
बिघडला नाही ना, म्हणून रोज बाराला वाजवून बघतात.
रोज?
रोज.

मग काय, आइस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन घेतला.
भोंगा झाला की भात भरून निघायची.
तीन घरं, चर्च, मग त्यांचं ठाणं.
एक पोरगा लाल गाडी धूत असायचा, हात वर करायचा.
समोरच्या बाकावर बसून मीच खायची.
गोवर्धनला सांगितलं नाही. तू पण सांगू नको.

किती वाजले गं?
साडेबारा?
काहीच वाजलं नाही की.

काय म्हणतोय तो?
हजारात साठ छाट?
अगं सहा महिने बोटं रिकामी होती, सांग त्याला.
नको, थांब.
माझं सूप धर, मीच सांगते.