नखांतला काळा

गंगापूर रोडच्या गृहस्थांनी ते टॉवेलात गुंडाळून आणलं.
"जरा साफ करा मॅडम, हॉलमध्ये लावायचंय.
कोण आहे ते माहीत नाही,
पण आमच्यापैकीच."

वीतभर रुंद, दीड वीत उंच.
मागे मोडीत दोन अक्षरं, सगु,
आणि पुढे वाळवीनं पाडलेलं भोक.
बाकीची मुलगी मी पंचवटीत शोधली,
उपाध्यांच्या वहीत.

लाल फडकं सोडून त्यांनी पान काढलं.
शके सोळाशे ब्याऐंशी. पिंपळसकर सरदार,
मातुःश्रींच्या वर्षश्राद्धास आले,
समागमे कुटुंब, कन्या सगुणा वर्षे सहा,
घोडी दोन, उंट एक.
पुढच्या खेपेस घोडी तीन.
कन्या नाही.

"देवी आल्या असतील," उपाध्ये म्हणाले.
देवीत गेलेलं मूल जाळत नसत, पुरत.
म्हणजे अस्थी नाहीत.
म्हणजे रामकुंडावर यायला कारण नाही.
म्हणजे वहीत ओळ नाही.
एवढं बोलून त्यांनी फडक्याची गाठ मारली
आणि मला चहा विचारला.

आता माझ्या टेबलावर ती, दिव्याखाली.
कापसाचा बोळा, काडी, थोडं थोडं पाणी.
दोनशे साठ वर्षांची काजळी
उदबत्तीची, चुलीची, कोणाच्या तरी बिडीची.
आधी कपाळ आलं. मग गाल,
इतके गुळगुळीत
की कळतं, आईनं बजावलं असणार:
एकही वण काढायचा नाही.
डोळे कुठेच बघत नाहीत.
ऐकून काढलेले डोळे असेच असतात.

हात मात्र ऐकीव नाहीत.

पाटल्या सैल आहेत, घसरू नयेत म्हणून
तिनं मूठ आवळलीय.
मनगटावर डाग, ठिणगी उडाल्यासारखा.
आणि नखांत काळं.
मी मळ समजले. तीन दिवस
एकेका नखावर बोळे फिरवले.
भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं,
तो रंगच होता,
केसाएवढ्या कुंचल्यानं, दहाही नखांत,
सावकाश भरलेला.

जिनगरासमोर कोणीतरी बसलं होतं.
सरदारांची लेक मातीत गेल्यावर
तिच्या मापाची एक पोर हवी होती,
आणि तांबट आळी हाकेच्या अंतरावर.
चिंच लावून हंडे घासणारी कोणी.
तिला दुसरीचं परकर-पोलकं, दुसरीची नथ,
दुसरीच्या पाटल्या.
हलू नकोस म्हटल्यावर न हललेली.
सरदारांना काय, चेहरा पुरला.
हात जिनगरानं पाहिले तसेच ठेवले.
का, ते मला सांगता येत नाही.
कंटाळा असेल. किंवा पैसे कमी मिळाले असतील.

तिचं नाव कुठल्याच वहीत नसणार.
तांबट स्वतःच्या लेकीचं चित्र
कशाला काढून घेतील,
ती घरीच होती की.

शनिवारी गृहस्थ आले. खूश झाले.
बायकोला फोटो पाठवला,
मग बोट जवळ नेऊन म्हणाले,
"इथं थोडं राहिलंय का, नखांपाशी?"
"नाही," मी म्हटलं, "ते तसंच आहे."
आणि बिलात
त्या तीन दिवसांचे पैसे लावले नाहीत.