धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा

भोसरीत सकाळी सातचा भोंगा विरला
की मी तराजूचं काचेचं दार सरकवते
आणि श्वास धरते.
चौथा दशांश फुंकरीनं हलतो.

धुण्याचा सोडा शून्य पूर्णांक तीन तीन नऊ ग्रॅम,
खाण्याचा सोडा शून्य पूर्णांक शून्य आठ चार.
एवढ्यात रुमाल निघणार नाही,
एका माणसाचं पित्तही बसणार नाही.
हे लिटरभर पाण्यात विरघळवायचं
आणि त्याला एलुअंट म्हणायचं.
आई विचारते, आज काय केलंस?
सोड्याचं पाणी.
त्याला एम.एस्सी. लागते?

पाणी मात्र असं की त्याला चवच उरलेली नाही.
मीटरवर अठरा पूर्णांक दोन,
आणि क्षणभर उघडं राहिलं
तर हवेतलं काहीबाही लावून घेतं अंगाला.
म्हणून गाळते, निर्वाताखाली ठेवते,
तळाला चिकटलेले शेवटचे हट्टी बुडबुडे
बोटाच्या टिचकीनं उठवते.
बाटलीवर तारीख, वेळ, माझी आद्याक्षरं.
तन्झिला नवी आहे. तिनं विचारलं,
कालचं थोडं उरलंय, यात घालू?
अगं, हे विरजण नाही.

आज दाब टिकेना.
अकरा, नऊ, साडेदहा, पुन्हा नऊ.
पडद्यावरच्या सरळ रेषेला
पर्वतीच्या पायऱ्या पडल्या.
पंपानं हवा घेतली असेल, तन्झिला म्हणाली.
तिचे अब्बा मंचरला विहिरीवरच्या मोटारी भरतात,
वाक्य घरचंच होतं तिचं.
सिरिंज लावून ओढलं. हवा आली, बारीक, मोहरीएवढी.
पायऱ्या तशाच.

शेवटी बोज्जांना फोन लावला.
एकतीस वर्षं हेच पंप खोलले त्यांनी,
गेल्या दिवाळीत निवृत्त झाले,
उजवा कान त्याच्याही आधी.
म्हणाले, फोन पंपाजवळ धर.
मी धरला. त्यांच्याकडे कुकर वाजत होता,
आमच्याकडे टक्, टक्, आणि मध्येच एक गिळलेला टक्.
दुसरं डोकं, ते म्हणाले. आत घेणारा व्हॉल्व्ह.
आणि सीलमागे बघ, मीठ झालं असेल.

पिस्टन नीलमाचा असतो.
रंग नाही त्याला, नुसता गुळगुळीतपणा.
व्हॉल्व्हमध्ये माणकाची गोळी, खसखशीहून जरा मोठी.
नीलम आणि माणिक एकत्र घालू नये,
लक्ष्मी रोडवरचा कुठलाही सराफ सांगेल.
आमच्याकडे दोन्ही एकाच खोबणीत राबतात
मिनिटाला शून्य पूर्णांक सात मिलिलिटर.

सीलमागे पांढरी कड होती.
आमचाच सोडा, थेंबाथेंबानं झिरपून
तिथंच वाळलेला, आता काचेसारखा धारदार.
बंद करताना साध्या पाण्यानं धुतलं
तर होत नाही असं.
वही उघडली. शनिवार. पंप धुतला: होय.
सही माझी.
तन्झिलानं वहीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

व्हॉल्व्ह आयसोप्रोपिलमध्ये, पंधरा मिनिटं,
सोनिकेटर मधमाश्यांसारखा गुणगुणत राहिला.
नखानं नाही, लाकडी काडीनं मीठ काढलं.
नवं सील अंगठ्यानं दाबलं,
बसल्याचं बोटाला कळतं, डोळ्यांना नाही.

अकरा पूर्णांक दोन.
अकरा पूर्णांक दोन.
रेषा आडवी झाली, झोपलेल्या पोरासारखी,
तरी अर्धा तास तिला हात लावला नाही.
मग पहिला नमुना, चारशे सतरा, वाघोलीचा टँकर.
क्लोराइडचा सुळका आला,
नायट्रेटचा त्याच्याही वर गेला.
कुणाच्या नळाला जातं ते वहीत नसतं.

दुपारी बोज्जांनी स्वतःहून फोन केला.
ऐकू दे.
मी पुन्हा धरला.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत,
मला वाटलं, लागलाच नाही.
मग म्हणाले, हां.
आणि शनिवारी धू गं बाई.